सेवेरियान फुकटचं घेत नसे

कुताईसी शहरातल्या आमच्या सामायिक अंगणात शेजारच्या सेवेरियानला कुणी काही द्यायला गेलं, की तो आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. एका सणाला मी चर्चमध्ये पाद्रीने आशीर्वाद दिलेली द्राक्षं त्याच्या दारात नेली. घडाला हात न लावता म्हणाला, "वहिनी, काम काय आहे ते आधी सांगा."

"काम देवाचं आहे. खा."

संध्याकाळी घड खिडकीत तसाच, वर माश्या.

बसमधली तिकिटं तपासायची त्याची नोकरी. बायको लवकर गेली; पोरीला, दारेजानला, त्याने एकट्याने वाढवलं. सुट्टीच्या दिवशी वेलाखालच्या टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडायचा आणि आख्ख्या गल्लीला हरवायचा. म्हणायचा, "मी माझं मोहरं बघतच नाही. समोरच्याला काय हवंय, तेवढं बघतो." कुणी आमिष म्हणून प्यादं पुढे केलं तर त्याच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. दारेजान मागे बसून शेंगा निवडायची आणि बघायची. पोरीशी मात्र तो कधी खेळला नाही.

मग तिला मागणी घालायला साम्त्रेदिया गावचा ओमारी आला. मधमाश्या पाळणारा, अबोल. सेवेरियानने त्याला पटावर बसवलं. ओमारी हरला.

तो गेल्यावर सेवेरियान म्हणाला, "मुद्दाम हरला."

"कशावरून?" मी विचारलं.

"घोडा उघडा टाकला माझ्यापुढे. इतकं बावळट कुणी नसतं, वहिनी. मला खूश करायला बघतोय. काहीतरी लपवतोय."

खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकली. साम्त्रेदियाला माझी नणंद असते, तिच्याकडून चौकशी केली. दारू बेताची, भांडण नाही, आईला सांभाळतो. हे सेवेरियानला सांगितलं तर म्हणाला, "एकही डाग नाही? मग तर जास्तच भीती."

दारेजान आतून हात पुसत आली. "बाबा, माझ्याशी एक डाव खेळा. मी जिंकले तर ओमारीला होकार द्यायचा. हरले तर त्याचं नाव काढणार नाही."

"हे तुला कुणी शिकवलं?" म्हणत त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छातीवर क्रूसाची खूण केली. पोरीचं लग्न पटावर लावणं मला पापच वाटत होतं. पण उठून गेले नाही, हेही तितकंच खरं.

डाव सुरू झाला. पोर निमूटपणे खेळत होती. हळूहळू तिची मोहरी कमी झाली, हत्ती गेला, आणि मी मनातल्या मनात पवित्र मरियेला हाक मारली. तेवढ्यात दारेजानने वजीर उचलला आणि राजाला शह देत थेट बापाच्या उंटाच्या तोंडी ठेवला. मला खेळ फारसा कळत नाही, पण एवढं मलाही दिसलं.

सेवेरियान पटावर वाकला. उंटापर्यंत हात नेला, मागे घेतला. मग पोरीच्या तोंडाकडे बघत बसला. ती शेंगांकडे बघायची तशीच पटाकडे बघत होती.

"मला काय दूधखुळा समजतेस?" तो म्हणाला, आणि वजिराला न मारता राजा कोपऱ्यात सरकवला.

दारेजानने वजीर राजाला भिडवला. मागे घोड्याचा जोर होता. "मात, बाबा."

सेवेरियानने आपल्या उंटावर बोट ठेवलं.

"वजीर मारला असता तर?"

"तर मी हरले असते. वजीर गेल्यावर माझ्याकडे काहीच उरलं नसतं."

"खोटं बोलतेस."

"तुम्ही फुकटचं मोहरं कधीच उचलत नाही, बाबा. ओमारीचा घोडाही नाही उचललात. तो बिचारा घाबरून चुकला होता."

सेवेरियानने मोहरी पुन्हा तशीच मांडली. उंटाने वजीर मारला. मग दारेजानच्या बाजूने एकेक मोहरं हलवून बघितलं. काही निघेना.

"रविवारी बोलाव त्याला," तो म्हणाला. मान वर केली नाही. वजीर पुन्हा जागेवर ठेवला, पुन्हा मारला, आणि पट हळूच उचलून खाली काही आहे का ते बघितलं.