आम्ही बदकं नाही

इंदूताई फणसे कुठल्याही नव्या पबात शिरल्या की बसण्याआधी खुर्ची हलवून बघायच्या. डुगडुगली तर तिथून पाय काढायच्या. "खुर्ची डुगडुगते म्हणजे मालकाचं लक्ष नाही. मालकाचं लक्ष नाही म्हणजे टॉयलेटकडे बघायलाच नको," हा त्यांचा सिद्धान्त. नॉटिंगहॅममधले पब, दोन चित्रदालनं, जुने सिनेमे दाखवणारं छोटं थिएटर, नाटकगृहाचा बार, लोकगीतं म्हणणाऱ्यांची माडीवरची खोली, हे सगळं त्यांनी वीस वर्षांत या एकाच कसोटीवर तपासलं होतं. एका आधुनिक शिल्पांच्या प्रदर्शनात तर त्यांनी शिल्पच हलवून बघितलं, कारण ती त्यांना खुर्ची वाटली. रखवालदार धावत आला. त्याची माफी मागून झाल्यावर त्यांनी त्याला शांतपणे सांगितलं की ते डुगडुगतंय, खाली पुठ्ठा सरकवा.

इंदूताईंना जाऊन आता वर्ष होईल. हॉस्पिटलात त्या एक्स-रे काढायच्या. नवरा भूल देणारा डॉक्टर. साठच्या दशकात दोघं इथे आले, तो लवकर गेला, मुलगी शिकून एडिनबराला नोकरीला लागली. उरलेल्या इंदूताईंनी घर न विकता शनिवार वाढवला. दुपारी बाराला निघायचं, आधी चित्रं, मग पब, मग सिनेमाचा दुपारचा खेळ. बिअरमध्ये लेमनेड घातलेली शँडी, तीही अर्धा ग्लास, आणि तो दोन तास पुरवायचा. पर्समध्ये लसणाच्या कोरड्या चटणीची डबी. या गावात पावाला कॉब म्हणतात. चीज घातलेला कॉब उघडून त्यात त्या चटणी पेरायच्या. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका कुजबुजायच्या की फणसेबाई म्हणे घेतात. इंदूताईंच्या कानावर ते आलं तेव्हा म्हणाल्या, "घेते ना. अर्धा ग्लास आणि खिडकीजवळची जागा."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी त्यांच्या मागच्या खोलीत भाडेकरू म्हणून आलो. वय चोवीस. पुण्यात चार वर्षं विद्यार्थी संघटनेत पत्रकं लिहून, मग इथल्या विद्यापीठात पुढचं शिकायला. मला गद्य असं येतच नव्हतं, फक्त पत्रकं येत होती. आईला पत्र लिहिलं तरी शेवटी तीन मागण्या असायच्या. पहिल्याच सकाळी नाश्त्याला मी इंदूताईंना ऐकवलं की पब ही कामगारवर्गाला दिलेली गुंगी आहे आणि चित्रदालनं म्हणजे भांडवलदारांची दिवाणखान्यं. (दिवाणखाना पुल्लिंगी आहे, हे त्यांनी टोस्टला लोणी लावता लावता सांगितलं.) मग विचारलं, "बरं, शनिवारी काय करतोस?"

गल्लीच्या टोकाला 'ब्लू बॉबिन' नावाचा पब होता. लेसच्या गिरण्या चालू होत्या तेव्हापासूनचा. मॉरीन नावाची पन्नाशीची बाई तो चालवायची आणि वरच्या मजल्यावर राहायची. आम्ही आत शिरलो, मी संघटनेच्या शिस्तीनुसार सगळीकडे संशयाने पाहिलं, आणि मॉरीन इंदूताईंना म्हणाली, "एय अप, मी डक." मग माझ्याकडे वळून मलाही तेच. (एय अप हा इथला रामराम, आणि 'मी' म्हणजे इथल्या बोलीतलं 'माय'.)

डक. बदक. वीस वर्षं या देशाच्या हाडांचे फोटो काढणाऱ्या बाईला बदक. आणि इंदूताई हसल्या! त्या हसण्यात मला दीडशे वर्षांची गुलामी दिसली. मला तेव्हा कशातही दीडशे वर्षांची गुलामी दिसायची, बसच्या तिकिटातसुद्धा.

पुढच्या आठवड्यात मी पुरावे गोळा केले. बसच्या ड्रायव्हरने मला डक म्हटलं. पोस्टातल्या बाईने म्हटलं. बाजारात बटाटे विकणाऱ्याने म्हटलं. म्हणजे हा एका पबचा प्रश्न नव्हता, अख्खं शहर सामील होतं. हीच माणसं पुढच्या गिऱ्हाइकाला काय म्हणतात ते ऐकायला मी एकदाही थांबलो नाही, कारण माझं काम झालेलं असायचं आणि राग घेऊन मला लवकर घरी पोचायचं असायचं.

भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्या एका गटात मी जात होतो. गटातले बाकीचे इथलेच होते आणि स्वल्पविरामावरून दोन-दोन तास अडायचे, म्हणून त्यांना न विचारता रविवारी रिकाम्या ऑफिसात जाऊन मी पत्रक छापलं. मथळा ठळक अक्षरांत, इंग्रजीत: 'आम्ही तुमची बदकं नाही'. खाली ब्लू बॉबिनचं नाव, मॉरीनचं नाव, आणि 'वीस वर्षं हा अपमान सोसणारी एक वृद्ध आशियाई स्त्री, जी निषेध करणंही विसरून गेली आहे'. शेवटी अर्थातच तीन मागण्या. इंदूताईंच्या सगळ्या आवडत्या जागा मला आता ठाऊक होत्या. प्रत्येक ठिकाणी मी गठ्ठा ठेवून आलो. त्यांच्या वतीने लढतोय याचा इतका आनंद झाला होता की त्यांना सांगायचं राहून गेलं.

त्यांना ते सापडलं थिएटरच्या दारात, दुपारच्या खेळाच्या आधी. मी शेजारीच उभा होतो. शाबासकीसाठी, हेही कबूल करतो. त्यांनी चष्मा बदलून ते पूर्ण वाचलं. एक्स-रे बघताना बघत असतील तसं, दोन्ही हातांत धरून, उजेडाकडे करून.

"वृद्ध कोण?" त्यांनी विचारलं.

त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या.

"आणि डक म्हणजे काय, माहितीये तुला? अरे, डक म्हणजे लव्ह, डिअर. आपण सोन्या म्हणतो, राजा म्हणतो, तसं. हॉस्पिटलात कन्सल्टंटला म्हणतात. पोलिसाला म्हणतात. मॉरीन तिच्या कुत्र्यालाही म्हणते. तुला वेगळं काही नाही मिळालेलं." मग पत्रकाची नीट चार घड्यांत घडी घालत म्हणाल्या, "आधी फोटो, मग निदान. तू निदान छापून वाटतोस आणि पेशंटला कळवतसुद्धा नाहीस."

सिनेमाची तिकिटं त्यांनी पर्समध्ये टाकली आणि मला जिथे जिथे गठ्ठे ठेवले होते तिथे न्यायला सांगितलं. असं मी नॉटिंगहॅम पाहिलं. लोक शहर बघतात तेव्हा काही तरी मिळवत जातात. मी एकेक जागा बघत माझेच शब्द परत उचलत गेलो. चित्रदालनातल्या रखवालदाराने गठ्ठा आधीच खुंटीवरच्या कोटामागे लपवला होता, इंदूताईंच्या नजरेस पडू नये म्हणून. "इंदू, डक, मला वाटलं कुणी तरी खोडसाळपणा केलाय," तो म्हणाला. खोडसाळ मी त्याच्यासमोर उभा होतो. नाटकगृहाच्या बारमध्ये एका निवृत्त शिक्षकाने लाल पेनाने माझ्या सात चुका दुरुस्त केल्या होत्या. लोकगीतांच्या खोलीत खाणकामगारांच्या संपाची गाणी चालली होती. त्या गाण्यांना मी एरवी रडलो असतो, पण मला टेबलाखालून कागद ओढून काढायचे होते. फक्त जाझ वाजवणाऱ्यांच्या पबात कागद परत मिळेनात. त्यांनी एक ढोलावर चिकटवलं होतं आणि ते त्यांना फार आवडलं होतं. माझ्या पत्रकाचं इतकं मनःपूर्वक स्वागत त्याआधी झालं नव्हतं, त्यानंतरही नाही.

प्रत्येक दारात इंदूताई आधी खुर्ची हलवायच्या, मग मला पुढे करायच्या. मी सॉरी म्हणायचो. लोक म्हणायचे, होतं असं, डक.

संध्याकाळी पाचला पिशवी भरली. बसस्टॉपवर त्यांनी विचारलं की झाली का सगळी. तेव्हा मला सांगावं लागलं की एक प्रत मी टपालाने पाठवली होती. ज्या कंपनीच्या मालकीचा ब्लू बॉबिन होता, तिच्या विभागीय ऑफिसला. सोबत सहीनिशी पत्र.

इंदूताई बाकावर बसल्या. बाक न हलवता बसल्या. मग मी जे माहीत करून घ्यायला हवं होतं ते त्यांनी सांगितलं. मॉरीन मालकीण नव्हती, पगारी मॅनेजर होती. कंपनीला तिथे मोठा टीव्ही आणि जुगाराची यंत्रं लावायची होती, मॉरीन दोन वर्षं अडून बसली होती. तिला काढायला कंपनीला फक्त एक कारण हवं होतं. नोकरी गेली की वरचं घरही जाणार होतं.

मंगळवारी अर्धी रजा टाकून त्या मला त्या विभागीय साहेबाकडे घेऊन गेल्या. साहेब तरुण होता, गोड होता, त्याने आम्हाला चहा दिला. माझं पत्रक त्याच्या फाइलमध्ये सगळ्यात वर होतं. मी म्हटलं, माझी चूक झाली, मला शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, मी तक्रार मागे घेतो. आयुष्यात पहिल्यांदा मी काही मागे घेत होतो, तेही मला मागे घेऊ देईनात. तो म्हणाला की आमच्यावर असा दबाव आला याचं त्याला फार वाईट वाटतं. मी म्हटलं दबाव नाही. त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि काही लिहून घेतलं. मी जितका नाही म्हणे तितकं तो लिहून घेई. त्याच्या तोंडी माझीच वाक्यं होती, 'आम्ही हे अत्यंत गांभीर्याने घेतो', 'यापुढे खपवून घेतलं जाणार नाही'. माझं पत्रक जगात एकाच माणसाने शब्दशः मनावर घेतलं होतं, आणि तो हा.

शेवटी इंदूताई बोलल्या. त्यांचं इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ होतं. "हे माझ्याबद्दल लिहिलंय ना? मग मला विचारा. माझा नवरा गेला, त्यानंतर तीन महिने मी घराबाहेर पडले नव्हते. पहिल्यांदा बाहेर पडले ती तिच्याकडे गेले. तिने खिडकीजवळ बसलेल्या माणसाला उठवलं आणि मला तिथे बसवलं. काही विचारलं नाही. म्हणाली, बस, डक. तुमच्या फाइलमध्ये हे लिहा."

त्याने लिहिलं. पोलीस ठाण्यांत बसून बसून मला टेबलापलीकडचं उलटं वाचता येतं. त्याने लिहिलं होतं: 'बाई अतिशय सोशिक.'

दोन महिन्यांत मॉरीनला नोटीस मिळाली. इंदूताई म्हणाल्या की कंपनी तिला आज ना उद्या काढणारच होती, तुझं पत्रक निमित्त. त्या मला बरं वाटावं म्हणून बोलत होत्या. पण निमित्त शोधता शोधता कंपनीची दोन वर्षं गेली होती, आणि मी ते घरपोच दिलं, तिकीट लावून.

शेवटच्या रविवारी दुपारी ब्लू बॉबिनमध्ये निरोप होता. मी जाणार नव्हतो. मी इंदूताईंना कारणं सांगितली, चांगली मुद्देसूद, क्रमांक घालून. त्या कोट चढवत म्हणाल्या, "बसल्याशिवाय गाव कळत नाही. आणि तोंड लपवणाऱ्याला तर बसताही येत नाही. चल."

आत पाय ठेवायला जागा नव्हती. ते पत्रक इंदूताईंच्या भाडेकरूने लिहिलं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो भाडेकरू म्हणजे मी हे थोड्यांनाच ठाऊक होतं. मी भिंतीला लागून उभा राहिलो, कुणी ओळखलं नाही तर बरं, अशा हिशेबाने. इंदूताईंनी माझं मनगट धरलं, एक्स-रेच्या टेबलावर पेशंटचा हात ठेवतात तसं घट्ट पण न दुखवता, आणि मला बारपर्यंत नेलं. मग त्या वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत म्हणाल्या, "धिस इज अवर बॉय. ही रोट इट."

कुणी तरी ग्लास खाली ठेवला. मॉरीनने मला खालून वरपर्यंत पाहिलं. मी तयार करून आणलेलं माफीचं भाषण काढलं, पण त्यातलं पहिलं वाक्यच सापडेना. मी नुसतं सॉरी म्हटलं.

ती म्हणाली, "माझं नाव चुकीचं लिहिलंयस. शेवटच्या एनआधी दोन ई." आणि अर्धा ग्लास शँडी भरून माझ्यासमोर सरकवला. माफ केलं की नाही, ते मला आजही माहीत नाही. पुढे ती मॅन्सफील्डला बहिणीकडे राहायला गेली. इंदूताई दर महिन्याला बसने तिच्याकडे जात, चटणीची डबी घेऊन, अगदी शेवटचे काही महिने सोडले तर.

घरी परतताना ते एक वाक्य डोक्यातून जात नव्हतं. इंग्रजीत 'अवर' म्हटलं की भागतं. मराठीत निवडावं लागतं.

मी विचारलं, "ताई, तुम्ही मघाशी अवर म्हणालात. मनात काय होतं? आमचा, की आपला?"

त्या चालायच्या थांबल्या. असला प्रश्न त्यांना आवडायचा. जरा विचार केला आणि म्हणाल्या, "आपला. आमचा म्हटलं असतं तर मॉरीन बाहेर राहिली असती. मी तिच्याशीच तर बोलत होते."

रात्री खोलीत उरलेल्या पत्रकांची पिशवी उघडून मी एक कागद काढला. पहिलाच शब्द होता 'वी'. त्याचं मराठी करायला मला वेळ लागला नाही, लिहिताना मनात 'आम्ही'च होतं. मग त्या आम्हीत कोण कोण होतं ते मोजायला बसलो. मॉरीन नव्हती, ते उघडच होतं. इंदूताईही नव्हत्या.