हंगामी रामहरी

पॅन नावाच्या मोठ्या बंद भांड्यात उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा पाडणाऱ्याला पॅनमन म्हणतात. कोल्हारचा रामहरी आमच्या कारखान्यात बावीस हंगाम हे काम करत होता. काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन दिव्यासमोर धरायचा आणि वाफ कधी बंद करायची ते सांगायचा. केमिस्टसुद्धा त्याचं ऐकत. तरी तो हंगामीच राहिला.

माझ्या मुलाला, रविराजला, त्यानेच शिकवलं. रविराज तिसऱ्या हंगामात कायम झाला आणि त्याचा पगार गुरूच्या जवळजवळ दुप्पट झाला. यात हुशारी कसली? ह्यांनी त्याला संचालकांच्या ऑफिसात नेऊन त्यांच्या पक्षाचा सभासद केला. त्या पक्षाचा झेंडा दिसला तरी मला चीड येते, पण फॉर्म मीच तपासून दिला होता.

युनियनचा वाल्मिक रामहरीकडेही तीनदा गेला. मोबाईलवर पक्षात फक्त नाव नोंदवायचं होतं. रामहरीने खिशातून मोबाईल काढलाच नाही. "पगार कारखाना देतो ना? मंग पक्षाला नाव कशाला सांगू?"

"बसा मग तात्या, हंगामीच म्हातारे व्हा," वाल्मिक सगळ्यांसमोर म्हणाला.

जानेवारीत रविराजने रामहरीकडून पाळी घेतली आणि तासाभरात वाफ जास्त सोडून पॅन बिघडवला, दाणा नीट पडलाच नाही. सगळा माल पुन्हा विरघळवावा लागला. संध्याकाळी वाल्मिकने टाईप केलेला जबाब आणून दिला: पाळी घेतली तेव्हाच पॅन बिघडलेला होता. खाली रविराजची सही हवी होती. नाही केली तर चौकशी त्याचीच.

रविराज कागद धरून बसून राहिला. हे म्हणाले, सही कर. त्याने माझ्याकडे पाहिलं. वैशाखात त्याचं लग्न आहे. राहात्याच्या पाहुण्यांनी एकच गोष्ट विचारली होती, मुलगा कायम आहे ना.

"कर," मी म्हणाले.

आठवड्यात रामहरीला कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात आला. मी या म्हटलं, पण तो उंबऱ्याबाहेरच थांबला. रविराज आतल्या खोलीत गेला.

"वहिनी, आता मी न्हाई तिथं," तो म्हणाला. "पुढच्या टायमाला पॅन बिघडला, तर नाव कुनाचं घालनार?"

मी दार लावून घेतलं.