साक्षीच्या आदल्या दिवशी

मला कॅन्सर आहे हे मला डॉक्टरांनी सांगितलं नाही. माझ्या नवऱ्याने सांगितलं, शनिवारी दुपारी, मी रविवारच्या उपासनेसाठी पातळाला इस्त्री करत असताना.

"उद्या साक्ष देऊ नको," हे म्हणाले.

"कावून?"

"तुले अल्सर नव्हता. कॅन्सर हाय. अजून पोटात हाय."

मी इस्त्री बाजूला ठेवली. पातळ जळू नये, एवढं भान होतं.

हे कारखान्याच्या रेल्वे यार्डात शंटर, म्हणजे इंजिनाने डबे या रुळावरून त्या रुळावर लावणारे. नवी भट्टी उभी राहत होती, सुट्टी मिळणं मुश्कील. तरी माझं पोट दुखायचं थांबेना, खाल्लेलं टिकेना, म्हणून रजा काढून यांनी मला नागपूरला नेलं. तिथे बेरियम मील झालं, म्हणजे खडूच्या पाण्यासारखं काहीतरी पाजून पोटाचे एक्स-रे काढतात. बाकावर बसून बसून कंबर मोडली. मग ऑपरेशन. पोट उघडलं आणि काही न काढता शिवलं, हे मला आता कळतंय. तेव्हा सांगितलं, अल्सर होता, म्हणजे पोटातली जखम, ती काढली. डॉक्टर यांना एकट्याला म्हणाले होते, "पेशंटला सांगू नका, धीर सोडेल."

कारखान्याच्या वसाहतीत, कॅम्प-१ मधल्या घरी आले तेव्हा अंगात त्राण नव्हतं, पण खुशीत होते. आम्ही ख्रिस्ती. दुखण्यातून उठलेलं माणूस मंडळीपुढे उभं राहून देवाने काय केलं ते सांगतं, तीच साक्ष. मी पाळकांना, म्हणजे आमच्या पाद्रींना, आधीच सांगून ठेवलं होतं.

यांनी मला फसवलं, माझ्या आईला फसवलं, आणि कसंबसं निभावलं. पण देवापुढे माझ्या तोंडून खोटं निघावं, हे यांना झेपेना. आमच्यात सत्य म्हणजे नुसती चांगली सवय नाही, 'मीच सत्य आहे' असं म्हणून प्रभू येशूने ते स्वतःचं नाव सांगितलंय. त्याच्याच घरात उभं राहून त्यालाच कसं फसवायचं?

मला राग आला. मरणाची भीती नंतर आली. इतके दिवस प्रत्येक कळ मी टाक्यांच्या नावावर खपवली होती. मग यांच्याकडे पाहिलं. माणूस निम्मा झाला होता, आणि मी आपल्याच दुखण्यात.

"एकट्यानं कसं वागवलं तुमी?" मी विचारलं. हे खाली बसले आणि रडले.

रविवारी मी गेलेच. उपासना शाळेच्या खोलीत, केरळ, आंध्र, छत्तीसगड सगळीकडची माणसं, म्हणून भाषा हिंदी. मी म्हणाले, "मैं ठीक नहीं हुई। मुझे कैंसर है। कल मेरे आदमी ने सच बताया। उसके लिए प्रभु का धन्यवाद।"

शेजारच्या म्हातारीने माझा हात धरला. "बइठ बेटी," एवढंच म्हणाली.

तुमच्या घरी असं दुखणं आलं तर काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. सत्याने मी बरी झाले, असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. पण खोट्यात आम्ही दोघं दोन घरांत असल्यासारखे आजारी होतो.

आता हे ड्युटीवरून येतात, बूट काढतात, विचारतात, "दुखून राहिलं का?"

"हो," मी म्हणते.

मग हे तेलाची वाटी घेतात आणि माझी पाठ चोळत बसतात.