ग्राइंडरवर चढवलेली गिटार

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. वाळूजला माझं यंत्रांचे साचे, सुटे भाग बनवायचं छोटं टूलरूम आहे. माप घ्यायच्या गेजवर दिसेल तेच खरं, असं मानून पंचवीस वर्षं काढली... म्हणून हे लिहायची लाज वाटते.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, औरंगपुऱ्यात गिटारी दुरुस्त करायचा. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात – फ्रेट. त्या कमीजास्त झिजल्या की तारा खरखरतात. दादा कानस घेऊन त्या हातानं घासायचा, एका पातळीत आणायचा. एका गिटारला दोन-दोन दिवस. मी चिडवायचो, "दादा, आमच्याकडं हे दहा मिन्टाचं काम हाय."

"तारांच्या ताणाखाली मान कशी बसती ते बघून घासावं लागतं, बाबा. तुझ्या मशीनला ते कोण सांगणार?"

मागच्या वर्षी त्याचा हात थरथरायला लागला. त्याच सुमारास त्यानं स्वतः बनवलेली, स्वतःसाठी ठेवलेली एकुलती एक गिटार खरखरू लागली. तो तपासण्यांसाठी दवाखान्यात होता, तेव्हा मी ती न विचारता वाळूजला नेली. सरप्राइज म्हणे! स्क्रू काढून मान वेगळी केली, ग्राइंडरच्या सपाट बेडवर ठेवून दोन्ही टोकांना क्लॅम्प आवळले आणि मशीन चालू केलं. टोकं दाबल्यानं मधला भाग किंचित वर उचलला गेला होता, घासणाऱ्या चाकानं नेमका तोच खाल्ला. क्लॅम्प सोडल्यावर मान मूळ जागी गेली आणि मधल्या सात पट्ट्या कागदाएवढ्या पातळ उरल्या. हीच चूक करू नका म्हणून मी कामगारांना रोज ओरडतो. पण तेव्हा मला दादाला दाखवून द्यायचं होतं, खरं कारण तेच.

मी मान जोडून, तारा चढवून गिटार परत नेली. घरी आल्यावर दादानं पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "बरं केलंस," एवढंच म्हणाला. गिटार पेटीत घालून कपाटात ठेवली. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला, आणि चार महिन्यांत गेला.

मग मी भंगारातल्या एका गिटारवर हातानं पट्ट्या बसवायला, घासायला शिकलो. बोटं सोलली. एका शुक्रवारी, आमच्या एमआयडीसीच्या आठवड्याच्या सुट्टीला, भर दुपारी वहिनीकडं गेलो. तिनं गळ्यातल्या चावीनं कपाट उघडलं. खराब पट्ट्या उपटण्याआधी मी सवयीनं गेज लावला.

सातही पट्ट्या पूर्ण उंचीच्या होत्या. त्यांवर कानशीचे बारीक ओरखडे होते, वाकडेतिकडे, थरथरत्या हातानं ओढल्यासारखे.

"वहिनी, कुणाकडून करून घेतलं?"

"कोण करील, भाऊजी? ह्यांना तर चहाचा कप धरवत नव्हता. त्यांनी ठेवली त्या दिवसापासून कपाट उघडलंच नाय. चावी हितंच हाय माझ्या गळ्यात."

मी तारा छेडून पाहिल्या. एकही खरखरली नाही.

मी ओळखीच्या दोन कारागिरांना विचारलं, कुणीच हात लावलेला नाही. वहिनी खोटं बोलणारी नाही.

लोक म्हणतात, दादानं तुला माफ केलं. मला तसं वाटत नाही. माझी चूक मला माझ्या हातानं सुधारायची होती, त्यासाठीच तर शिकलो होतो. तेवढंही त्यानं मला करू दिलं नाही.