बिनीचा माणूस

पाटोद्याच्या रस्त्यावर मी सकाळी फिरायला जातो, तेव्हा फौजेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ रोज माझ्या पुढे चालत असतात. नाव मी कधी विचारलं नाही. पाठ ताठ, चाल एकसारखी, आणि वीस-पंचवीस पावलं झाली की मान वळवून मागे बघणार. मागे बहुतेक वेळा मी एकटाच असतो.

एकदा ते पुलाच्या कठड्यावर टेकले होते, म्हणून मीही थांबलो. फौजेत तुकडीच्या सगळ्यांत पुढे चालायचं काम आपल्याकडे होतं, असं ते म्हणाले. मी इतिहासाचा मास्तर, मला राहवलं नाही. सांगून टाकलं की मराठ्यांच्या फौजेत त्या जागेला बिनी म्हणत. शब्द फारसी, मूळ अर्थ नाक. चेहऱ्यात नाक पुढे, तशी फौजेत बिनी.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "पडलं की पयलं नाकच फुटतं. पर म्होरल्याचं खरं काम मागं बघायचं असतंय, गुरुजी. सगळे हायत का न्हाईत."

मग पुलाखालच्या कोरड्या पात्राकडे बघत ते म्हणाले,

"गेल्या साली पोरगं गेलं. तिरडीच्या म्होरं मडकं धरून मीच चाललो. मला वळू दिलं न्हाई कुणी. मडकं धरणाऱ्यानं मागं बघायचं नसतंय."

तेव्हापासून मी फिरायला जाणं चुकवत नाही. ते वळले की मी हात वर करतो, आहे म्हणून.