घुमटाखालची माणसं

फोटोवालीचं अर्धं आयुष्य माणसं पुसण्यात गेलं होतं. लग्नाच्या फोटोत नवऱ्यामुलाच्या मागे कुणी मामा जांभई देत उभा असायचा, त्याला काढा. सहलीच्या फोटोत मध्येच कुणाचं तरी कुत्रं आलेलं असायचं, त्याला काढा. कधीकधी एखादी बाई जुना फोटो घेऊन यायची आणि शेजारच्या पुरुषावर बोट ठेवून म्हणायची, "याला काढता येईल का हो?" फोटोवाली काढायची. फोटोतून काढणं त्यातल्या त्यात सोपं, असं ती मनात म्हणायची, पण तोंडाने बोलायची नाही.

तिचा स्टुडिओ म्हणजे रस्त्यावर उघडणारी एक खोली. पुढे काउंटर, मागे पांढरा पडदा, दोन छत्र्यांचे दिवे आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. त्याच्या माऊसवर तिच्या अंगठ्याने घासून घासून एक गुळगुळीत डाग पाडला होता. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर बसायचे. डॉक्टर लांबच्या प्रवासाहून परत आले, ते सामान उतरवण्याआधी तिच्याकडे आले म्हटलं तरी चालेल.

"एवढा लांब गेलो," ते म्हणाले, "दोन हजार वर्षांपूर्वीचं रोमन लोकांचं देऊळ बघायला. आणि फोटोत काय, तर नुसत्या लोकांच्या टोप्या! सगळ्यांना काढा. मला फक्त तो घुमट पाहिजे."

"इतकी माणसं काढायची म्हणजे मागचं काहीतरी दिसायला हवं, डॉक्टर. नाहीतर भरणार कशाने?"

"त्याची काळजी नको. बायको गर्दीत हरवली होती. ती सापडेपर्यंत मी एकाच जागी खांबासारखा उभा राहून फोटो काढत होतो."

फोटोवाली हसली, पण तिच्या कामाचं नेमकं तेच होतं. एकाच जागेवरून काढलेले ढीगभर फोटो. एकात जिथे टोपी होती तिथे दुसऱ्यात जमीन दिसत होती. तिने ते एकावर एक ठेवले आणि पुसायला बसली. टोप्या गेल्या, पाठीवरच्या पिशव्या गेल्या, हात वर करून फोटो काढणारे गेले. शेवटी एका खांबाआड एक लाल छत्री उरली होती, तीही गेली. आणि मग तिचा हात माऊसवरून आपोआप खाली आला.

समोर तो घुमट होता. खांब काय ते भिंतीलगत, मधे एकही नाही, कशाचाही टेकू नाही, आणि डोक्यावर अख्खं आभाळ पालथं घालावं तसा गोल. माथ्यावर मोठं गोल भोक, त्यातून ऊन आत येऊन भिंतीवर एक लखलखीत चकती पडलेली. आजवर तिच्या हातून पुष्कळ जागा रिकाम्या झाल्या होत्या. ही जागा रिकामी वाटेना. कुणीतरी आत्ताच हत्यारं उचलून बाहेर गेलंय, असं वाटत होतं. काउंटरवर पासपोर्टचा फोटो काढायला आलेला माणूस दोनदा खाकरला, तेव्हा ती भानावर आली.

त्या संध्याकाळी लॅपटॉप बगलेत मारून ती भावाच्या घरी गेली.

दादा गवंडी होता. साधासुधा नव्हे, ज्याला सगळे मिस्त्री म्हणतात तसला. काही वर्षांपूर्वी तो बांधकामाच्या उंच परांचीवरून पडला आणि कमरेखालचं शरीर गेलं. तेव्हापासून खिडकी आणि चाकाची खुर्ची, एवढंच त्याचं जग. पायांइतकंच त्याचं बोलणंही गेलं होतं. एके काळी चार मजले खालपर्यंत ऐकू जाईल असा हसणारा माणूस, आता जेवायला वाढलं तरी "बरं" आणि ताट उचललं तरी "बरं". वहिनी म्हणायची, "भिंतीशी बोलले तर ती निदान प्रतिध्वनी तरी देते."

फोटोवालीने त्याच्या मांडीवर लॅपटॉप ठेवला. तो बराच वेळ बघत राहिला.

"आत सळई किती जाडीची आहे?" त्याने विचारलं.

"सळई नाहीच आहे, दादा. मी वाचलं. नुसतं काँक्रीट. त्यांचं, त्या काळचं."

"खोटं."

"अरे, खरंच."

"चिमणे, मी जन्मभर स्लॅब ओतलेत. एवढा पसारा सळईशिवाय उभाच राहणार नाही. भिंतीत लपवली असेल. तुझ्या त्या वाचण्यात नीट बघ."

तिने बघितलं. मोठ्याने वाचून दाखवलं. घुमट खाली जाड आहे, वर जाईल तसा पातळ होत जातो. खालच्या थरात जड दगडांची खडी, वरच्या थरांत हलकी, आणि अगदी माथ्याशी ज्वालामुखीतून निघालेला, स्पंजासारखा सच्छिद्र दगड. आतून चौकोनी खोलगट खण ठेवून आणखी वजन उतरवलेलं.

"आणि ते भोक? त्याच्यावर काच असेल."

"काही नाही. पाऊस पडला की आत पडतो. फरशीला उतार आहे, बारीक भोकं आहेत, पाणी निघून जातं."

"दोन हजार वर्षं?"

"जवळजवळ."

दादाने लॅपटॉपच्या पडद्यावर तळहात ठेवला. भिंत ओली आहे का सुकली, हे बघायला तो पूर्वी ठेवायचा, तसाच. "हे करणाऱ्याचं नाव काय?"

"बाहेर नाव कोरलंय, पण ते बड्या माणसाचं. गवंड्यांची नावं कुणी लिहिली नाहीत."

"म्हणजे मी आत्तापर्यंत जे छातीठोकपणे सांगत होतो की सळईशिवाय..." त्याने वाक्य अर्धवट सोडलं आणि तोंडावर हात ठेवून तो हसायला लागला. हरल्याचा आनंद झालेलं माणूस तिने त्याआधी पाहिलं नव्हतं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातातलं कोरडं भांडं ती पुन्हा पुन्हा पुसत होती.

तिथूनच फोटोवालीच्या डोक्यात किडा शिरला. इतकी वर्षं माणसं काढली, आता या जागेत माणसं घालायची. ज्यांची नावं कोरली गेली नाहीत ती. काम संपत आलंय, परांची उतरायला लागलीय, असा एक दिवस. डॉक्टरांनी फोटो वापरायला आनंदाने हो म्हटलं. "फक्त मला एखाद्या खांबामागे घाला," अशी पुस्तीही जोडली.

पहिला प्रयत्न साफ फसला. शिंप्याने पडद्याच्या कापडाचे गुडघ्यापर्यंतचे सैल अंगरखे शिवून दिले. शिंपी, बेकरीवाला आणि बसचा ड्रायव्हर ते घालून पांढऱ्या पडद्यापुढे उभे राहिले. तिने त्यांना कापून घुमटाखाली बसवलं, तर ते फ्रीजवर चिकटवलेल्या चित्रांसारखे दिसायला लागले. ऊन वरून येत होतं आणि यांचे चेहरे मात्र दोन्ही बाजूंच्या छत्र्यांनी उजळलेले. सावल्या एकीकडे, माणसं दुसरीकडे. शिवाय ड्रायव्हरच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा होता आणि बेकरीवाल्याचा भांग असा काही चापून बसवलेला होता, की रोमन राज्य आलं काय आणि बुडालं काय, तो हलणार नाही.

"ऊन विकत मिळत नाही," ती शिंप्याला म्हणाली. "ते असेल तिथे आपणच जायला हवं."

शेवटी ऊन सापडलं लाकडाच्या एका बंद वखारीत. उंच छप्पर, काळोख, आणि छपराचा एकच पत्रा उडालेला. दुपारी त्यातून उन्हाचा सरळ खांब खाली उतरायचा आणि त्यात भुशाचे कण तरंगायचे. ती त्याखाली उभी राहिली, वर बघितलं आणि तिच्या अंगावर काटा आला. रोमन गवंड्याच्या डोक्यावर पडलेलं ऊन यापेक्षा निराळं नव्हतं. सूर्य तर तोच.

दादाला चित्रात घ्यायचं हे तिने पहिल्यापासून ठरवलं होतं, पण त्याला न सांगता. त्याच्या जुन्या फोटोतला चेहरा आणि खांदे, खाली ड्रायव्हरचे पाय, असा एक नमुना तिने गुपचूप तयार केला. जोड इतका बेमालूम जमला की तिचेच डोळे भरून आले. दादा उभा होता! घुमटाखाली, दोन पायांवर, ताठ. तो नमुना घेऊन ती धावतच त्याच्याकडे गेली.

दादाने बघितलं. "हे पाय कुणाचे?"

"बसवाल्याचे."

"तरीच. एक ब्रेकवर असल्यासारखा दिसतोय."

ती हसली. तो हसला नाही.

"चिमणे, केवढी उंची आहे ती. केवढी परांची लागली असेल. तिथे कुणीच पडलं नसेल का?"

तिने नमुन्यात वर, घुमटाच्या काठापर्यंत नजर नेली.

"पडलं असेलच ना. त्या पडलेल्यांतला एखादा काम बघायला येऊन बसतही असेल. मला तो कर. दगडावर बसव. पण काम चालू असताना बसव, कोपऱ्यात नको."

ठरलेल्या दुपारी दादाचे जुने साथीदार आले आणि खुर्चीसकट त्याला उचलून जिन्याने खाली घेऊन गेले. दवाखाना सोडला तर तो किती दिवसांनी घराबाहेर पडत होता! वखारीत त्याला लाकडाच्या ओंडक्यावर बसवलं. फोटोत त्या ओंडक्याचा दगड होणार होता. वहिनी पाठीमागून आधार देऊन बसली. ती चित्रात येणार नव्हती, पण तिच्यावाचून चित्रही होणार नव्हतं. साथीदारांनी अंगरखे चढवले आणि एकमेकांच्या पिंढऱ्यांवरून टिंगल सुरू झाली.

ऊन जागेवर आलं. "वर बघ, दादा. घुमट आहे असं समज," फोटोवाली म्हणाली.

दादाने वर बघितलं, तर लायसन्सच्या फोटोला बसल्यासारखा. बाकीच्यांचीही तीच गत. एकाने तर आश्चर्य दाखवायला डोळे इतके मोठे केले की शिंपी म्हणाला, "अरे, भूत दिसलंय का तुला?" उन्हाचा खांब हळूहळू सरकायला लागला.

"वर काय बघायचं तेच यांना माहीत नाही," दादा अचानक म्हणाला. मग तो साथीदारांकडे वळला. "इकडे या रे. ऐका. इथे खाली भिंत. किती जाड? तुमची-आमची अख्खी खोली मावेल एवढी जाड. त्यात जड खडी. आता वर चला." त्याने हात उचलला. "इथे खडी हलकी. इथे अजून हलकी. आणि सळई? एक नाही. तारेचा तुकडा नाही."

"काहीतरीच, मिस्त्री!"

"मीही हेच म्हटलं होतं. मग आणखी वर. इथे दगड असा, की पाण्यात टाकला तर तरंगेल. आणि माथ्यावर काय ठेवलं त्यांनी? काहीच नाही. सगळ्या वजनाचा प्रश्न जिथे येऊन ठेपतो, तिथे त्यांनी आभाळ ठेवलं."

त्याचा हात उन्हात वर गेलेला होता. बोटांवर उजेड होता आणि चेहऱ्यावर असं काही होतं, की वहिनीने पाठीमागून मान पुढे काढून बघितलं. टिंगल केव्हाच थांबली होती. शिंपी, ड्रायव्हर, बेकरीवाला, सगळे साथीदार, एकूण एक जण वर बघत होते. वर उडालेला पत्रा होता. पण आयुष्यभर विटा उचललेले ते साथीदार मनातल्या मनात ते ओझं तोलत होते, आणि ते तोलता तोलता त्यांची तोंडं नकळत उघडी पडली होती. फोटोवाली बटण दाबत राहिली.

चित्र पुरं व्हायला बरेच आठवडे गेले. एकेका माणसाच्या पायाशी सावली रंगवणं, उन्हात तरंगणारी धूळ पुढच्या माणसांवर दाट आणि मागच्यांवर विरळ करणं, घड्याळाचा पांढरा पट्टा झाकणं. परांचीच्या गाठींवरून दादाशी तिचं कडाक्याचं भांडण झालं. "ही गाठ बघून माझे साथीदार मला वाळीत टाकतील," तो म्हणाला आणि तिच्याकडून सगळ्या गाठी परत करून घेतल्या. डॉक्टर खांबामागे अर्धेच दिसत होते, आणि तेवढ्यावर ते खूष होते.

त्यांनीच ते चित्र भिंतभर छापून आपल्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत लावलं. लोक दातदुखीने गाल धरून यायचे आणि चित्रापुढे आ वासून उभे राहायचे. "मला आता 'तोंड उघडा' म्हणावं लागत नाही," डॉक्टर सगळ्यांना सांगायचे. आपल्याच रस्त्यावरची माणसं लोकांना ओळखू यायची, पण ओळखूनही कुणी हसायचं नाही. एक म्हातारी बेकरीवाल्याकडे बघून हळूच म्हणाली, "हा तेव्हाही होता?" आणि मग स्वतःशीच म्हणाली, "असणारच की, कुणीतरी."

दादाला चित्र बघायला वर आणलं, तेव्हा खोलीत दोन-तीन पेशंट बसले होते. घुमटाखाली मधोमध, उन्हाच्या काठावर, तो दगडावर बसलेला होता. पाय जसे होते तसेच, सैल. हात वर. भोवतालची सगळी माणसं त्या हाताच्या दिशेने बघत होती. वहिनीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"छान झालंय," तो म्हणाला. "आता पुढचं सांगतो. त्यांचे पाण्याचे पूल होते ना, कमानींचे? त्यातली एक कमान घे. पण बांधून झालेली नको. सेंटरिंग काढतात तो क्षण घे."

"सेंटरिंग म्हणजे?"

"कमान बांधताना खाली लाकडी साचा असतो, सगळे दगड त्याच्यावर निजलेले. शेवटचा, मधला दगड बसला की साचा काढायचा. मी पहिली कमान केली तेव्हा आमचे उस्ताद स्वतः तिच्याखाली जाऊन उभे राहिले. म्हणाले, आता काढ. मी साच्याखालची पाचर ठोकून काढली, लाकूड सुटलं आणि वरून एक आवाज आला. मोठा नाही. थकलेला माणूस खुर्चीत बसताना करतो ना, तेवढाच."

आतली डॉक्टरांची मशीन बंद झाली होती. फोटोवाली भावाच्या तोंडाकडे बघत होती. हे त्याने तिला कधीच सांगितलं नव्हतं.

"मग?" गालात कापूस धरलेल्या एका पेशंटने कसंबसं विचारलं.

"मग काय," दादा म्हणाला, "उभी राहिली."