तळोज्याच्या गेटवर आज रांग नव्हती

मित्रांनो, अजून धडधडतंय.

सकाळी ऑफिसात कोड जनरेटर, म्हणजे आपोआप कोड लिहून देणारं टूल, अपडेट केलं. नवीन फीचर भारी आहे, एका क्लिकवर वेब अ‍ॅपची सगळी पानं नव्याने तयार! तळोज्यातल्या एका केमिकल फॅक्टरीच्या गेटपास सिस्टिमवर चालवलं आणि चहाला गेलो.

तासाभरात तिथल्या सिक्युरिटीच्या काकांचा फोन. "सर, काय केलंत? पास पटापट निघतायत, रांगच नाय!"

मी खूश. आणि मग नवी पानं उघडून बघितली. सेफ्टी ट्रेनिंग न झालेल्यांना अडवणारा कोड मी त्याच पानांत हाताने घातला होता. पानं नव्याने बनवताना टूलने तो पुसला.

पास थांबवलेत. आत गेलेल्यांना शोधतायत.

तुमच्याकडेही अपडेटनंतर सगळं पटापट चाललंय का? मग एकदा बघाच.